ज्याला ठाऊक, त्याला विचारा



आपल्यात लिहिणारी पोरं वाढली. कविता येतात, कथा येतात, आत्मकथनं येतात. इतिहासाचं पान मात्र दर खेपेला रिकामं राहतं. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं : "आपल्याकडं कागद कुठं आहेत?"

प्रश्न खरा आहे. कागद कुळकर्ण्याच्या दप्तरात, दप्तर वाड्यात, वाडा वेशीच्या आत, आणि आपण वेशीच्या बाहेर. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी स्वतःचं लिहून ठेवलं. आपलं लिहिलं ते एवढंच, की कुणी किती सारा थकवला आणि कुणाला काय शिक्षा झाली. म्हणून कागदावरून आपला इतिहास काढायला गेलं की आपण एकतर थकबाकीदार दिसतो, नाहीतर आरोपी.

पण कागद नाही म्हणजे साक्ष नाही, असं कुणी सांगितलं? साक्ष माणसाच्या तोंडात असते. ती उतरवून घ्यायची असते. विद्यापीठातले लोक याला 'मौखिक इतिहास' म्हणतात. आपल्या आया त्याला विचारपूस म्हणतात. या विचारपुशीलाही एक इतिहास आहे, आणि लिहायला बसण्यापूर्वी तो प्रत्येकानं जाणून घ्यावा. कारण कुणाला विचारायचं, कसं विचारायचं आणि विचारलेलं कुणासाठी लिहायचं, हे तीन प्रश्न आपल्या माणसांनी शंभर-दीडशे वर्षं सोडवत आणले आहेत.

शिवेचा साक्षीदार

जुन्या गावगाड्यात एक मजेशीर गोष्ट होती. दोन गावांच्या शिवेचं भांडण लागलं की महाराला बोलावत. शिव कुठून जाते, कुठला दगड मूळचा आणि कुठला नंतर सरकवलेला, हे त्याच्या तोंडून ऐकायचं आणि मग निवाडा करायचा. कारण उघड आहे. गावाची राखण त्याच्याकडं, पाहुण्या साहेबाला वाट दाखवणं त्याच्याकडं, सारा कचेरीत पोचवणं त्याच्याकडं. गावाची जमीन पायाखालून घातलेला माणूस तोच. आजच्या भाषेत बोलायचं तर शिवेच्या बाबतीत तो 'तज्ज्ञ' होता. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या शब्दाला मात्र प्रमाण!

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरं छापली. जेम्स कॅम्बेल हे त्याचे संपादक. त्यांत प्रत्येक जातीची माहिती आहे : दिसायला कशी, खाते काय, लग्न कसं लावते, स्वभाव कसा. ही माहिती बहुतकरून सरकारी अंमलदार आणि त्यांच्या ओळखीतले शिकलेसवरलेले लोक यांच्याकडून गोळा झाली. शिकलेला कोण होता, हे सांगायला नको. म्हणजे शिवेचा दगड कुठं ते महाराला विचारलं, पण महार कसा ते दुसऱ्याला विचारलं.

म्हणून पहिला धडा हा, की 'माहीतगार' कोण हे ठरवण्यातच अर्धा इतिहास ठरून जातो. माणूस हुशार आहे की अडाणी, हे नंतर. ज्या गोष्टीबद्दल विचारायचं त्या गोष्टीत त्याचे हात बुडाले होते का, हे आधी.

गोऱ्यांतही फरक होता, तेही सांगितलं पाहिजे. अलेक्झांडर रॉबर्टसन नावाच्या मिशनऱ्यानं १९३८ मध्ये 'द महार फोक' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. महारांमध्ये काम करता करता ऐकलेल्या गोष्टी त्यात आल्या. मिशनऱ्याचा स्वतःचा हेतू होताच, आणि तो लक्षात ठेवूनच ते पुस्तक वाचावं. पण ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याशी बोलून लिहिलं की पानावर माणूस दिसतो, एवढा फरक पडतोच.

ऐकवून लिहिणारे जोतीराव

जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्याच्या आदल्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढं त्यांनी निवेदन दिलं होतं. आयोग सरकारचा, भाषा सरकारला समजेल अशी. 'असूड' मात्र वेगळ्या रीतीनं तयार झाला. छापून पुरता होण्याआधी जोतीरावांनी तो ठिकठिकाणी वाचून दाखवला. मुंबई, पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशी गावं त्यात आहेत. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला.

याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल, पाटबंधाऱ्याबद्दल, बैलाबद्दल, सणावारी त्याच्या दारात येणाऱ्या भटजीबद्दल पुस्तक लिहिलं, तोच शेतकरी समोर बसून ऐकतो आहे. एखादा तपशील चुकला तर तो तिथंच बोलेल. "तात्या, असं नाही होत. पेरणीच्या वक्ताला सावकार वेगळं बोलतो," असं म्हणायला तो कचरणार नाही. पुस्तकाचा विषय असलेला माणूस, पुस्तकाचा माहीतगार आणि पुस्तकाचा वाचक, तिन्ही एकच. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ऐकवायचं, ही रीत आपल्याला जोतीरावांनी घालून दिली आहे.

चाळीसगावचा टांगा

आता बाबासाहेबांच्या आयुष्यातली एक गोष्ट. ती त्यांनीच लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत ती येते. त्या आठवणी १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका म्हणून छापल्या.

१९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारनं समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. त्या कामासाठी खानदेशात हिंडत असताना ते चाळीसगावला उतरले. स्टेशनावर आपली माणसं हारतुरे घेऊन आलेली. महारवाडा चालत जाण्याजोगा जवळ. तरी तासभर कुणी हलेना. शेवटी टांगा आला. टांगेवाला नवशिका. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं. बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला, घोडा टांग्यासकट नदीत गेला.

इथं थांबलं तर हा अपघात आहे. वर्तमानपत्रानं छापला असता तर दोन ओळींत छापला असता. पण बाबासाहेबांनी चौकशी केली. तेव्हा कळलं की गावातल्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याला टांग्यात घेऊन हाकायला नकार दिला होता. आपल्या माणसांना वाटलं, बाबासाहेबांनी पायी चालत यावं हे बरं दिसत नाही. मग तडजोड झाली : टांगा भाड्यानं मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच माणूस लगाम धरून बसला.

म्हणजे पाय मोडला तो जातीनं. हे कुठल्याही सरकारी कागदात आलं नसतं. डॉक्टरच्या चिठ्ठीत हाड मोडल्याचं येतं, हाड का मोडलं ते येत नाही. तो तास कशात गेला, हे विचारलं म्हणून कळलं. इतिहास लिहिणाऱ्यानं हाच प्रश्न शिकावा : मधला वेळ कुठं गेला? जिथं गोष्ट विनाकारण अडखळलेली दिसते, तिथंच विचारायचं.

खैरमोड्यांची वही

चांगदेव भवानराव खैरमोडे सातारा जिल्ह्यातले. बाबासाहेबांचं चरित्र लिहायचं असं त्यांनी तरुणपणीच मनाशी घेतलं आणि १९२० च्या दशकापासून साधनं जमवायला लागले. पत्रं, पत्रकं, भाषणांची कात्रणं, सभांचे वृत्तांत तर जमवलेच. त्याखेरीज माणसं गाठली. बाबासाहेबांना स्वतःला विचारलं, त्यांच्या बरोबर शिकलेल्यांना विचारलं, कामाला जुंपलेल्यांना विचारलं. चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये आला, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत. १९७१ मध्ये खैरमोडे गेले. मागं राहिलेलं लिखाण प्रकाशात यावं म्हणून त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी खस्ता खाल्ल्या.

खैरमोडे काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. फेलोशिप नाही, प्रवासभत्ता नाही, टंकलेखक नाही. तरी आज बाबासाहेबांवर कुणीही लिहायला बसला की खैरमोड्यांच्या खंडांशी त्याला जावंच लागतं. एलिनॉर झेलियट या अमेरिकन बाई १९६० च्या दशकात इथं आल्या, महारांच्या चळवळीवर प्रबंध लिहिला आणि १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांनीही जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी बसून विचारपूस केली. बाईंच्या कामाचं मोल आहेच. पण त्या येण्याच्या कितीतरी आधी आपल्यातला एक माणूस पदरमोड करून तेच करत होता, हे सांगायला विसरू नका.

धनंजय कीरांचं इंग्रजी चरित्र १९५४ चं. तेही बाबासाहेबांच्या हयातीतलंच. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कीर सलग गोष्ट सांगतात. खैरमोडे जे हाती आलं ते ठेवत जातात, कधी पानंच्या पानं पत्रं आणि निवेदनं देतात. वाचताना दम लागतो. पण त्या ढिगातच असं काही सापडतं, जे सुबक पुस्तकात गाळलं जातं. आपल्या पोरांनी लिहिताना कीरांसारखं लिहावं, पण जमवताना खैरमोड्यांसारखं जमवावं.

महाड : कागद काय सांगतो आणि तोंड काय सांगतं

तोंडी साक्षीवर विसंबायचं म्हणजे कागद फेकून द्यायचा, असं कुणी समजू नये. महाडचंच घ्या.

कागद सांगतो : ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं पास केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. मग पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरली, २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली, आणि कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम होता म्हणून तळ्यावर जाणं तहकूब झालं. दावा चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला.

ही चौकट कागदाची. ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'चे अंक आहेत, कोर्टाचे कागद आहेत. ही चौकट पाठ असल्याशिवाय कुणाला महाडबद्दल विचारायला जाऊ नये.

का? कारण आठवण तारखा एकत्र करते. मार्च आणि डिसेंबर यांत नऊ महिने आहेत. पण कुणी म्हातारा सांगेल, "तळ्याचं पानी प्यालो आन् त्याच राती मनुस्मृती जाळली." म्हातारा खोटं बोलत नाही. त्याच्या मनात ती एकच गोष्ट आहे : पाण्याला हात लावला आणि पाण्याला बंदी करणारं पुस्तक जाळलं. अर्थ त्याला बरोबर कळलाय, दिवस चुकलाय. लिहिणाऱ्याला चौकट ठाऊक असेल तर तो हळूच विचारेल, "दादा, तुम्ही गेला होता तेव्हा थंडी होती की ऊन तापलं होतं?" तेवढ्यानं मार्च कुठला, डिसेंबर कुठला, ते निवडता येतं.

आता तोंड काय सांगतं ते बघा. मार्चच्या परिषदेला पाणी विकत आणावं लागलं होतं. चाळीस रुपयांचं पाणी! चवदार तळं गावात भरलेलं आणि परिषदेला पाणी विकत. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, हे कागदात येतं. पाणी कुणी विकलं, कुणी वाहून आणलं, कुणाच्या भांड्यात ठेवलं, हे विचारून काढायचं असतं. डिसेंबरच्या परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. हे नाव आपल्याला माहीत आहे ते आपल्या लोकांनी कृतज्ञतेनं जपलं म्हणून. नगरपालिकेच्या ठरावात त्याला कोण जागा देणार?

महाडला गेलेला साक्षीदार आता राहिला नाही. त्याच्या नातवानं ऐकलेलं राहिलं आहे. तेही उतरवावं, पण 'आजोबा सांगत' असं लिहून. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच छापायची.

दंतकथेचं काय करायचं?

बावन्न हक्कांची गोष्ट घराघरात सांगत. बेदरच्या बादशहानं अमृतनाकावर खूश होऊन महारांना बावन्न हक्क दिले, अशी ती गोष्ट. लिहिणारा पोरगा दोन चुका करतो. एक तर ती इतिहास म्हणून ठोकून देतो, नाहीतर शिकला म्हणून तिला हसतो.

तिसरी वाट आहे. गोष्ट गोष्ट म्हणून लिहावी आणि ती का टिकली ते शोधावं. ज्याला गाव म्हणत होतं की तू उष्ट्यावर जगतोस, तो माणूस उलट सांगत होता की हा तुकडा भीक नव्हे, माझ्या पूर्वजानं मिळवलेला हक्क आहे. हेही पुढं बाबासाहेबांनी तपासून पाहिलं आणि सांगितलं की असल्या हक्कानंच आपल्याला गावाला बांधून ठेवलंय. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करावी म्हणून १९२८ मध्ये त्यांनी कायदेमंडळात बिल आणलं. १९३९ च्या डिसेंबरात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात हरेगावला वतनदारांची परिषद भरली, तिथं वाढवलेल्या जुडीविरुद्ध आवाज उठला. पुढं १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली.

हा विषय लिहायचा तर दोन प्रकारच्या माणसांकडं जावं लागतं. एक, ज्याच्या बापानं वतनाची पाळी केली तो. पाळी म्हणजे काय, रात्री कुणी उठवायचं, बलुतं किती आणि कसं टाकायचे, ते तो सांगेल. दुसरा, निवृत्त तलाठी किंवा महसुलाचं काम करणारा वकील. जुडी म्हणजे काय, वतन गेल्यावर जमीन कुठल्या अटीवर परत नावावर झाली, सातबाऱ्यावरची कुठली नोंद काय सांगते, हे तो सांगेल. पहिल्याला दुसऱ्याचं ठाऊक नसतं, दुसऱ्याला पहिल्याचं. एकाला विचारून लिहिलं तर एकतर नुसता हुंदका होतो, नाहीतर नुसतं परिपत्रक.

बाईला कोण विचारणार?

इतकं झालं तरी निम्मी माणसं राहिलीच. खैरमोड्यांपासून आपण सगळे विचारत आलो ते बहुतकरून पुरुषांना. बाया सभेला होत्या, मोर्चाला होत्या, तुरुंगात होत्या. इतिहासात कुठं होत्या?

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी हा प्रश्न घेऊन निघाल्या. गावोगाव, वस्त्यावस्त्यांत जाऊन चळवळीतल्या बायांना भेटल्या, मुलाखती घेतल्या. त्यातून १९८९ मध्ये पुस्तक आलं : 'आम्हीही इतिहास घडवला'. पहिल्या भागात चळवळीतल्या बायांच्या कामाचा इतिहास, दुसऱ्या भागात एकेक बाई आपल्या तोंडानं. २००८ मध्ये वंदना सोनाळकरांच्या भाषांतरानं ते इंग्रजीतही गेलं.

नावातला तो 'ही' बघा. त्या एका अक्षरात सगळी तक्रार आहे, आणि ती बाहेरच्यांइतकीच आपल्याही घराविरुद्ध आहे.

या पुस्तकामुळं किती गोष्टी वर आल्या! २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करायला बंदी, गिरणीत आणि बिडीच्या धंद्यात राबणाऱ्या बायांना रजा, असे ठराव तिथं झाले. हिंदू कोड बिलाची चर्चा देशभर पेटण्याच्या कितीतरी आधी बिड्या वळणाऱ्या बाया हे मागत होत्या. नागपूरच्या जाईबाई चौधरींनी मुलींची शाळा काढली, ही गोष्टही अशीच आपल्यापुढं आली.

बाईची मुलाखत घेणं सोपं नाही, हे ज्यानं घेतली त्यालाच कळतं. पहिलं वाक्य ठरलेलं : "म्या काय केलं बाबा? केलं ते ह्यांनी." दुसरं संकट म्हणजे शेजारी बसलेला नवरा किंवा लेक. प्रश्न बाईला, उत्तर त्याचं. अशा वेळी दुपारी जावं, पुरुष कामावर असताना. चुलीपाशी बसावं. आणि 'तुमचं चळवळीतलं योगदान काय' असला पाठ्यपुस्तकी प्रश्न विचारू नये. विचारावं, "सभेला गेलात तेव्हा पोरं कुणाकडं ठेवली? भाकरी बांधून नेली का? माघारी आल्यावर सासू काय म्हणाली?" मग बघा बाई कशी बोलते. तिनं काय केलं ते तिच्याच तोंडून निघतं, 'योगदान' हा शब्द न उच्चारता.

स्वतःच माहीतगार झालेले

काही माणसांनी दुसऱ्यानं येऊन विचारायची वाट पाहिली नाही. नाशिककडचे भीमराव कर्डक. आंबेडकरी जलशाचे शाहीर. गावोगाव जलसा करून ज्यानं चळवळ पोचवली, त्यानंच १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिलं. जलसा कसा बांधायचा, गणाचं काय करायचं, गवळणीच्या जागी काय घालायचं, हे नाट्यशास्त्राच्या प्राध्यापकाला पुस्तकातून शोधावं लागेल. कर्डकांना ते ढोलकीच्या थापेसकट ठाऊक होतं.

तसेच वसंत मून. १९७९ पासून महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडाखंडानं छापायला घेतली, त्याचं संपादन मूनांनी केलं. म्हणजे हा माणूस कागदातला. पण त्याच माणसानं १९९५ मध्ये 'वस्ती' लिहिलं, नागपूरच्या आपल्या वस्तीची हकिकत. अखाड्यातले पैलवान, समता सैनिक दलाची पोरं, वस्तीतले गरीब संसार. खंडातल्या भाषणांना टाळ्या कुणी वाजवल्या, ती माणसं 'वस्ती'त भेटतात. दोन्ही पुस्तकं मिळून एक इतिहास होतो.

लिहिणाऱ्या पोरांसाठी

आता कामाचं बोलू.

एक : ज्यानं केलं त्याला विचारा. ज्यानं पाहिलं त्याला नंतर. ज्यानं ऐकलं त्याला सगळ्यात शेवटी. आपल्याकडं उलटं होतं. जो सभेत चांगला बोलतो त्याच्याकडं आपण धावतो. स्टेजवरच्याला स्टेज ठाऊक असतं, सतरंजी कुणी अंथरली ते नसतं.

दोन : एकाच तोंडावर छापू नका. निदान दोघांना विचारा, आणि ते दोघं एकाच गटातले नसावेत. आपल्याकडं गट किती हे मी सांगायला नको. दोघांचं जुळलं तर बरंच. नाही जुळलं तर दोन्ही छापा. पुढचा वाचक ठरवील.

तीन : सालं थेट विचारू नका. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, घडलेलं सांगतात. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा, ६ डिसेंबर १९५६ चं महापरिनिर्वाण, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९७८ चा नामांतराचा ठराव आणि त्यानंतरची मराठवाड्यातली जाळपोळ, १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. हे खुंटे आहेत. "दुष्काळात खडी फोडायला जात होता, त्याच्या आधी की मागून?" असं विचारलं की साल आपोआप निघतं.

चार : बोलणाऱ्याचा शब्द बदलू नका. ती 'येसकर' म्हणाली तर 'येसकर' लिहा, 'ग्रामसंरक्षक' करू नका. त्याच शब्दात इतिहास आहे. शब्द कळला नाही तर तिलाच विचारा, शब्दकोश नंतर.

पाच : नाव छापण्याआधी विचारा. तुम्ही लिहून शहरात निघून जाल, तो माणूस त्याच गावात राहणार आहे. ज्याच्या विरुद्ध तो बोलला त्याच्याच शेतावर त्याला सकाळी मजुरीला जायचं असेल. १९७८ च्या जाळपोळीबद्दल कुणी बोललं आणि नाव नको म्हणालं, तर नाव गाळा, गावही गाळा. साक्ष खरी असली म्हणून साक्षीदाराला उघड्यावर टाकायचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

सहा : लिहून झालं की परत जा आणि वाचून दाखवा. जोतीरावांनी दाखवलं, तुम्हाला काय जड जातंय? ती म्हणेल "हे मी असं नव्हते म्हणाले," तर दुरुस्त करा. आणि छापून आल्यावर अंक तिच्या हातात द्या. तिला वाचता येत नसेल तर तिच्या नातीच्या हातात द्या.

वाचणारा कोण?

शेवटचा प्रश्न वाचकाचा. हे सगळं कुणासाठी लिहायचं? विद्यापीठातल्या मार्गदर्शकासाठी लिहिलं तर भाषा त्याची होते, प्रश्नही त्याचे होतात. दया दाखवणाऱ्या पांढरपेशासाठी लिहिलं तर दुःखाचं प्रदर्शन होतं. आपला वाचक वेगळा आहे. तो रात्रपाळीहून येऊन वाचतो, किंवा पोराकडून वाचून घेतो. त्याला त्या घटनेतलं थोडं आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला फसवता येत नाही. तोच आपली उलटतपासणी घेतो. "आमच्या मामाचं नाव कसं राहिलं?" असं पत्र आलं तर रागवू नका. वही काढा आणि त्या मामाच्या घरी जा. एका लेखातून दुसरा असाच निघतो.

उशीर मात्र करू नका. १९५६ मध्ये नागपूरला आईच्या कडेवर नव्हे, स्वतःच्या पायांनी चालत गेलेलं दहा वर्षांचं पोर आज ऐंशीच्या आसपास आहे. १९७८ मध्ये नामांतरासाठी लाठी खाल्लेला विशीतला तरुण सत्तरीकडं झुकलाय. पूर्वी टेपरेकॉर्डर उसना आणावा लागायचा, कॅसेट महाग पडायची. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. सवड नाही ही सबब उरते, आणि ती खरी नाही.

या महिन्यात एका माणसाकडं जा. आपल्या वस्तीतलं विहार कुणी बांधलं, विटा कुठून आल्या, वर्गणी किती जमली, जागेवरून भांडण कुणाशी झालं, एवढंच विचारा. दोघांना विचारा. तारीख घाला. लिहा, वाचून दाखवा, आणि मग आमच्याकडं पाठवा. पानाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात.